वाचक विचारतात : पिवळ्या खांद्याचा ब्लॅकबर्ड

मागच्या अंकात पोर्तो रिकोच्या पिवळ्या खांद्याच्या ब्लॅकबर्डचा एक फोटो छापला होता, खाली फक्त चार ओळी होत्या, की कॅरिबियनमधल्या एका बेटावरचा हा काळा पक्षी, खांद्यावर पिवळा पट्टा, आणि दुसऱ्या एका पक्ष्यामुळे संख्या फार कमी झालेली. त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकला. सारखेच प्रश्न एकत्र केलेत, सगळ्यांची नावं दिली नाहीत, राग मानू नका.

प्रश्न : हा पक्षी नेमका राहतो कुठे? नेटवर मॅप बघितला तर पोर्तो रिकोच्या कोपऱ्यात एक बारीकसा डाग दिसतो, बाकी काहीच नाही. एवढ्याशा जागेत अख्खी जात मावते?

मावते, आणि तोच तर खरा काळजीचा विषय आहे. पोर्तो रिको हे बेट पूर्व-पश्चिम साधारण १७० किमी आणि उत्तर-दक्षिण ६० किमीच्या आसपास, म्हणजे मुळात लहानच. पूर्वी हा पक्षी किनाऱ्यालगतच्या सखल भागात बऱ्याच ठिकाणी होता, आता मुख्य वस्ती उरलीय ती नैऋत्य कोपऱ्यात. काबो रोहो, लाहास, ला पार्गेरा, बोकेरोन अशी तिथली गावं आणि जंगलं. दक्षिणेला सालिनासकडे थोडे आहेत. पूर्वेला सेइबाकडे एक छोटी वस्ती होती ती जवळपास संपल्यात जमा आहे. शिवाय पश्चिमेला समुद्रात मोना नावाचं बेट आहे तिथे याची एक वेगळी उपजात राहते, तिच्याबद्दल पुढे येतंच.

पण मॅपवरचा डाग बघून तुम्हाला अर्धंच कळणार. कारण हा पक्षी एका जागी राहतच नाही, त्याला रोज दोन-तीन वेगवेगळ्या जागा लागतात. घरटी घालतो किनाऱ्यालगतच्या खारफुटीत, त्यातही किनाऱ्यापासून थोडं आत समुद्रात जी खारफुटीची छोटी छोटी बेटं असतात ना, तिथे. त्या बेटांवर जमीन अशी जवळपास नसतेच, तांबड्या खारफुटीची मुळं पाण्यात रोवलेली आणि वर झाडांची दाटी, बस. पण तिथे खायला पुरेसं मिळत नाही, म्हणून मग नर-मादी दोघंही उडून मुख्य बेटावर येतात, तिथल्या कोरड्या काटेरी जंगलात, गुरांच्या कुरणांत, गोठ्यांच्या आसपास किडे शोधतात आणि चोच भरून परत जातात. हे अंतर काही किलोमीटरचंही असू शकतं आणि पिल्लं असली की दिवसभर ही ये-जा चालूच. विणीचा हंगाम संपला की मग मोठ्या थव्याने एकत्र झोपतात, तेही बहुतेक खारफुटीतच, पण घरट्यांच्याच जागी असं नाही.

म्हणजे बघा, घरट्याची जागा राखली आणि समोरचं कुरण बिल्डरला दिलं तरी पक्षी गेला. जंगल राखलं आणि मधली खारफुटी बोटींच्या जेट्टीसाठी तोडली तरी पक्षी गेला. मला स्वतःला या पक्ष्याबद्दल सगळ्यात महत्त्वाचं काय वाटत असेल तर हेच, की तो एका ठिपक्यात राहत नाही, त्या ठिपक्यांच्या मधल्या रस्त्यावर राहतो, आणि आपण संरक्षण देतो ते ठिपक्यांना. पुढच्या बऱ्याच उत्तरांत मी परत परत इथेच येणार आहे.

एक गंमत अशी की पोर्तो रिको म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर येतं ते चिंब ओलं हिरवंगार रेनफॉरेस्ट, आणि ते आहेच, ईशान्येला एल युंकेच्या जंगलात वर्षाला ३,००० मिमीच्याही वर पाऊस पडतो. पण वारे ईशान्येकडून येतात, मधे डोंगररांग आहे, ढग तिकडेच रिकामे होतात आणि नैऋत्य कोपरा पर्जन्यछायेत जातो. ग्वानिकाच्या कोरड्या जंगलात पाऊस जेमतेम ८०० मिमीच्या आसपास. निवडुंग, काटेरी झुडपं, उन्हाने पांढरी पडलेली चुनखडी, आणि शेजारी मिठागरं. तर आपला हा ब्लॅकबर्ड या रखरखीत बाजूचा रहिवासी आहे, रेनफॉरेस्टचा नाही.

प्रश्न : ब्लॅकबर्ड म्हणजे आपला कस्तुरच ना?

नाही. कस्तुर आणि युरोपातला ब्लॅकबर्ड हे थ्रश कुळातले. अमेरिका खंडातले ब्लॅकबर्ड वेगळ्याच कुळातले, इक्टेरिडी म्हणतात त्याला. ग्रॅकल, काउबर्ड, अमेरिकेतले ओरिओल हे सगळे त्यांचे भाऊबंद. रंग सोडला तर कस्तुराशी काही संबंध नाही.

प्रश्न : माझा भाचा पोर्तो रिकोला कामानिमित्त जाऊन आला, त्याने कॅफेच्या टेबलावर पाव टिपणाऱ्या काळ्या पक्ष्याचा फोटो पाठवलाय, डोळा पिवळाजर्द आहे. हाच का तो दुर्मिळ पक्षी?

फोटो बघितला ताई, छान आलाय, पण तो हा नव्हे. तो ग्रेटर अँटिलियन ग्रॅकल, तिथले लोक त्याला चांगो म्हणतात, आणि तो गावात, बाजारात, पार्किंगमध्ये सगळीकडे असतो. ओळखायचं कसं ते सांगतो. चांगोचा डोळा पिवळा, शेपटी लांब आणि मधे घडी घातल्यासारखी खोलगट, व्ही आकाराची. आपल्या ब्लॅकबर्डचा डोळा गडद, शेपटी साधी, चोच बारीक आणि टोकदार, अंगाने थोडा लहान, २० ते २३ सेंमीच्या आसपास. खांद्यावर पिवळा पट्टा आणि त्या पट्ट्याला एका बाजूने फिकट पांढुरकी कड.

पण लक्षात ठेवा, पक्षी पंख मिटून बसला असेल तर पिवळा रंग बराचसा काळ्या पिसांखाली झाकला जातो, कधी कधी एक बारीक पिवळी रेघच दिसते, आणि उडाला की मग एकदम दोन्ही खांदे लख्ख. त्यामुळे बसलेल्या काळ्या पक्ष्यावर लगेच शिक्का मारू नये, तो उडेपर्यंत थांबावं.

तिसरा एक काळा पक्षी तिथे असतो, शायनी काउबर्ड. त्याचा नर काळा-जांभळा चमकतो, खांद्यावर काही नाही, मादी मळकट करडी-तपकिरी. दिसायला साधा आहे, पण या सगळ्या गोष्टीत त्याचा वाटा फार मोठा आहे, पुढचा प्रश्न त्याच्यावरच आहे.

प्रश्न : फोटोखाली लिहिलं होतं की दुसऱ्या पक्ष्यामुळे हा संपत आला. एक पक्षी दुसऱ्याला असा कसा संपवेल? आणि इतकी वर्षं दोघं एकत्र राहिले असतील ना?

हाच मुद्दा आहे सर, एकत्र राहिलेच नव्हते.

शायनी काउबर्ड मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तो स्वतः घरटं बांधत नाही, मादी दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालून मोकळी होते, कोकिळा कावळ्याच्या घरट्यात घालते तसंच. त्याला मोकळी जमीन आवडते, कुरणं, शेतं, गुरं. विसाव्या शतकात कॅरिबियनमधल्या बेटांवर जंगलं तुटून ऊस आणि कुरणं झाली तसा तो एकेक बेट करत उत्तरेकडे सरकत गेला आणि १९५० च्या दशकात पोर्तो रिकोला पोचला. पुढे तर १९८५ मध्ये फ्लोरिडापर्यंत गेला.

आता दक्षिण अमेरिकेत ज्या पक्ष्यांची घरटी तो वापरतो त्यांना हजारो वर्षांची सवय आहे, त्यातले काही परकं अंडं ओळखतात, बाहेर टाकतात, घरटं सोडून देतात. पोर्तो रिकोतल्या ब्लॅकबर्डच्या कित्येक पिढ्यांनी काउबर्ड बघितलेलाच नव्हता. घरट्यात जे अंडं असेल ते आपलं, एवढंच त्याला माहीत. काउबर्डची मादी येते, आधीच्या अंड्यांना चोचीने भोकं पाडते, आपलं अंडं ठेवते आणि जाते. तिचं अंडं साधारण ११-१२ दिवसांत फुटतं, ब्लॅकबर्डचं त्याहून थोडं उशिरा, आणि एक-दोन दिवसांचा फरक म्हणजे पिल्लांच्या जगात फार मोठा फरक. परकं पिल्लू आधी जन्मतं, आधी मोठं होतं, चोच जास्त वर ताणतं, आई-बाप जी चोच वर दिसेल तिच्यात घास घालतात. स्वतःची पिल्लं त्याच घरट्यात उपाशी मरतात.

१९७० आणि ८० च्या दशकात अभ्यासकांनी नैऋत्य भागातली घरटी तपासली तेव्हा जवळजवळ प्रत्येक घरट्यात काउबर्डची अंडी सापडत होती. विचार करा, एखादं-दुसरं नाही, जवळजवळ प्रत्येक. पक्षी दरवर्षी जोड्या जमवतायत, घरटी बांधतायत, उन्हातान्हात किडे वाहून आणतायत, आणि मोठं करतायत ते काउबर्डला. ७० च्या दशकाच्या मध्यात दोन हजारांच्या वर पक्षी होते, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नैऋत्येच्या मुख्य वस्तीत काही शेच राहिले. पोर्तो रिको अमेरिकेच्या अखत्यारीत येतं, आणि अमेरिकेच्या सरकारने १९७६ मध्ये त्याला धोक्यातल्या जातींच्या यादीत घातलं ते याच सुमाराला. मला हे लिहितानासुद्धा वाईट वाटतं, कारण इथे कोणी पक्षी मारत नव्हतं, बंदूक नाही, जाळी नाही, आणि तरी प्रत्येक हंगाम वाया जात होता.

तुम्ही म्हणाल मग चांगोचं काय, तो का नाही संपला? तर चांगो परकं अंडं बाहेर टाकतो, तिथला ग्रे किंगबर्ड नावाचा पक्षीही टाकतो. म्हणजे त्याच बेटावर शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन काळ्या पक्ष्यांत एकाला हे जमतं आणि एकाला नाही.

आणि सगळा दोष काउबर्डवर टाकून मोकळं होऊ नये असं मला वाटतं. तो आला कारण त्याला लागणारी जमीन माणसाने तयार करून ठेवली. त्याच १९५० च्या दशकात ग्वानिकाचं गोड्या पाण्याचं मोठं तळं शेतीसाठी निचरा करून कोरडं केलं गेलं. खारफुटी तुटत होती, किनारे भरून काढले जात होते. घरट्याची जागा आधीच आक्रसलेली, थोड्याच बेटांवर दाटीवाटीने घरटी, म्हणजे काउबर्डला शोधायला पण सोपं.

प्रश्न : मी सहावीत आहे. हा पक्षी काय खातो आणि त्याची चोच इतकी टोकदार का आहे?

फार छान प्रश्न विचारलास. मुख्य खाणं किडे. भुंगे, अळ्या, नाकतोडे, कोळी असं बरंच काही, आणि ते जमिनीपेक्षा झाडांवर जास्त शोधतो. आता चोचीचं ऐक. आपण चिमटा कसा वापरतो, दाबतो आणि पकडतो. या पक्ष्याच्या चोचीत बंद करण्याइतकीच उघडण्याची पण ताकद असते. तो बंद चोच सालीच्या फटीत, सुरळी झालेल्या वाळक्या पानात किंवा झाडावर वाढणाऱ्या दुसऱ्या रोपांच्या बुडात खुपसतो आणि आत गेल्यावर चोच जोर लावून उघडतो. फट रुंद होते, आत लपलेला किडा दिसतो, आणि मग तो उचलायचा. या कुळातल्या बऱ्याच पक्ष्यांना हे जमतं. चोच बोथट असती तर फटीत घुसलीच नसती.

शिवाय फुलांतला मध, निवडुंगाची फळं, गोठ्यातलं गुरांचं खाद्य, अगदी माणसांच्या ताटातलं उरलेलं पण खातो. पण पिल्लांना मात्र किडेच भरवतो.

प्रश्न : मुंगूस भारतातून तिकडे नेलं आणि त्याने पक्षी खाल्ले असं वाचलं. यात त्याचा हात आहे का?

मुंगूस आपल्याकडूनच गेलं हे खरं. १८७२ मध्ये एस्प्यूट नावाच्या एका जमीनदाराने कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकाला मागवली, उसातले उंदीर मारायला. तिथून ती वाढत वाढत इतर बेटांवर नेली गेली, पोर्तो रिकोत १८७७ मध्ये. उंदीर फिरतात रात्री, मुंगूस फिरतं दिवसा, त्यामुळे उंदरांचा बंदोबस्त काही झाला नाही आणि जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्यांची, सरड्यांची मात्र वाट लागली.

पण या ब्लॅकबर्डच्या बाबतीत मुंगसापेक्षा उंदीर जास्त वाईट. घरटी पाण्यातल्या खारफुटीवर असतात, मुंगूस तिथे सहसा जात नाही. काळा उंदीर पोहतो पण आणि झाडावर चढतो पण, अंडी आणि पिल्लं दोन्ही खातो. त्यात भर म्हणजे पर्ली-आइड थ्रॅशर नावाचा तिथलाच एक दांडगा पक्षी आहे तो घरटी लुटतो, आणि एक माशी आहे जिच्या अळ्या पिल्लांच्या कातडीखाली वाढतात, रक्त पितात. फार अळ्या झाल्या की पिल्लू जगत नाही. म्हणजे काउबर्डपासून वाचलं तरी पिल्लाची परीक्षा संपत नाही.

प्रश्न : फोटोतला नर होता की मादी? पिवळा पट्टा नराला असेल ना?

दोघांनाही असतो. नर थोडा मोठा, बाकी बघून सांगता येत नाही, त्यामुळे फोटोवरून मीही सांगणार नाही.

पण हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा भारी आहे. याचाच उत्तर अमेरिकेतला नातेवाईक रेड-विंग्ड ब्लॅकबर्ड, त्यात नर काळाभोर लाल खांद्याचा आणि मादी चक्क चिमणीसारखी तपकिरी रेघांची, दोघं एका जातीचे वाटत पण नाहीत. तिथे नर मोठा इलाका धरतो, एका नराच्या इलाक्यात बऱ्याच माद्या, स्थलांतर, सगळी गडबड. कॅरिबियनमध्ये मात्र हे पक्षी वर्षभर तिथेच असतात, जोडीने राहतात, घरट्याभोवतीची थोडीशीच जागा राखतात, बाकी मिळून मिसळून. आणि मादी नराइतकीच काळी, नराइतकीच पिवळ्या खांद्याची, आणि ती गातेसुद्धा. नर आणि मादी एकमेकांना आवाज देत राहतात. घरटं बांधायचं काम मात्र तिच्याकडे.

आपल्या डोक्यात बसलेलं असतं की गाणारा नरच. ते जास्त करून थंड प्रदेशातले पक्षी बघून ठरवलेलं आहे. २०१४ मध्ये गाणाऱ्या पक्ष्यांचा जगभरचा एक आढावा प्रसिद्ध झाला त्यात तपासलेल्या जातींपैकी ७१ टक्के जातींत मादी गाते असं निघालं. उष्ण कटिबंधातले पक्षी नीट ऐकले असते तर हे फार आधी कळलं असतं असं माझं मत आहे.

प्रश्न : मोना बेटावरच्या पक्ष्यांबद्दल सांगा ना, तिथे पण काउबर्ड पोचला का?

पोचला, पण तिथे त्याला तेवढं साधलं नाही. मोना हे पोर्तो रिको आणि डॉमिनिकन रिपब्लिक यांच्या मधोमध समुद्रात असलेलं, साधारण ५५ चौरस किमीचं चुनखडीचं पठार. चारी बाजूंनी बरेचसे उभे कडे, आत गुहा, कायमची माणसांची वस्ती नाही, वनरक्षक आणि अभ्यासक येऊन जाऊन असतात. खारफुटी तिथे नावापुरतीच. मग तिथल्या ब्लॅकबर्डने काय केलं तर समुद्राकडच्या कड्यांच्या कपारींत घरटी घालायला सुरुवात केली. खाली लाटा, वर कडा, मधे एखाद्या बोटभर पुढे आलेल्या दगडावर घरटं. काउबर्डला अशी घरटी गाठणं अवघड, शिवाय बेटावर कुरणं आणि गोठे नाहीत म्हणजे काउबर्डचं स्वतःचं पोट भरायची पण पंचाईत. त्यामुळे तिथली काही शे पक्ष्यांची वस्ती पोर्तो रिकोसारखी कोसळली नाही.

एकाच जातीचा पक्षी, तोच काउबर्ड, फक्त घरट्याची जागा वेगळी, आणि नशीब वेगळं. मात्र तिथे सोडलेल्या बकऱ्या आणि डुकरांनी झाडोरा खाऊन टाकल्याचा त्रास आहेच, त्यांच्या शिकारीला ठरावीक हंगामात परवानगी देतात.

प्रश्न : मग आता करतायत काय? की नुसती यादीत नोंद करून बसलेत?

नाही, तिथल्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या लोकांनी खरंच कष्ट घेतलेत आणि ते मुद्दाम लिहायला पाहिजे.

दोन कामं मुख्य. पहिलं, काउबर्ड पकडणं. जाळीचा मोठा पिंजरा असतो, आत दाणे आणि आधीच पकडलेले दोन-चार काउबर्ड, वरच्या बाजूला एक अरुंद फट. बाहेरचे काउबर्ड आतले बघून येतात, फटीतून पंख मिटून आत पडतात, पण पंख पसरून उडत वर यायला ती फट पुरत नाही. दुसरा कुठला पक्षी सापडला तर सोडून देतात. हे विणीच्या हंगामाच्या आधीपासून करावं लागतं आणि दरवर्षी करावं लागतं, कारण आजूबाजूच्या शेतांतून नवे काउबर्ड येतच राहतात. एक वर्ष पैसे आले नाहीत किंवा माणसं कमी पडली की परत पहिले पाढे.

दुसरं काम कृत्रिम घरट्यांचं. बोकेरोनच्या जंगलातला पिताहाया नावाचा भाग आहे, तिथल्या खारफुटीत १९८० च्या दशकापासून माणसाने बनवलेली घरटी लावतात आणि पक्ष्यांनी ती मनापासून स्वीकारली. फायदा असा की घरटं कुठे आहे ते माहीत असतं. माणूस बोटीतून जातो, आत बघतो, काउबर्डचं अंडं असलं तर काढून टाकतो, किती पिल्लं उडाली ते लिहून ठेवतो. उंदरांचा बंदोबस्त पण त्याच फेरीत. पिंजरे आणि ही घरटी दोन्ही जोरात चालू झाल्यावर काउबर्डची अंडी सापडायचं प्रमाण खूप खाली आलं आणि पक्ष्यांची संख्या वर चढली.

म्हणून कोणी म्हणेल प्रश्न सुटला, तर तसं नाही. सगळे पक्षी एका कोपऱ्यात, म्हणजे एक वादळ आलं की सगळ्यांवर एकदम. १९९८ मध्ये जॉर्जेस आलं, २० सप्टेंबर २०१७ ला मारिया आलं, खारफुटीची पानं ओरबाडून नेली, कृत्रिम घरटीही परत उभी करावी लागली. समुद्राची पातळी चढतेय आणि ती खारफुटीची बेटं पाण्यापासून उंच अशी नाहीतच. मला विचाराल तर आता खरी गरज आहे ती मधल्या रस्त्याची, बेटांसमोरची कुरणं आणि कोरडं जंगल तसंच्या तसं राहण्याची, आणि जिथून तो गेलाय तिथे एखादी दुसरी वस्ती परत उभी राहण्याची. किनाऱ्याची जमीन सुट्टीच्या घरांसाठी सगळ्यांना हवी असते, त्यामुळे हे काम पिंजऱ्यांपेक्षा अवघड आहे.

प्रश्न : कॅरिबियनमध्ये असे अजून ब्लॅकबर्ड आहेत का?

आहेत. क्युबात लाल खांद्याचा एक, क्युबा आणि हैतीत पिंगट खांद्याचा एक. पण मला सगळ्यात ओढ वाटते ती जमैकन ब्लॅकबर्डची. तो नखशिखांत काळा, खांद्यावर काहीही नाही, आणि राहणी याच्या अगदी उलट. दमट डोंगरी जंगल, जुनी उंच झाडं, आणि त्या झाडांवर वाढणारी ब्रोमेलियाडची रोपं, ज्यांच्या पानांच्या बुडात पाणी साठतं. हा पक्षी त्या रोपांत चोच घालून पानं उचकून किडे काढतो, एकेक रोप तपासत झाडावर सरकत राहतो. तिथले लोक या रोपांना वाइल्ड पाइन म्हणतात आणि पक्ष्याला वाइल्ड पाइन सार्जंट. थव्याने राहत नाही, एकेक जोडी आपला मोठा इलाका धरून. कॉकपिट कंट्री, ब्लू माउंटन आणि जॉन क्रो माउंटन या भागात तो उरलाय. ब्रोमेलियाड यायला झाड म्हातारं व्हावं लागतं, त्यामुळे जंगल तोडून नवीन झाडं लावली तर हा परत येत नाही. कॉफीच्या मळ्यांनी जंगल खाल्लं, आता बॉक्साइटच्या खाणींची भीती आहे. ब्लू आणि जॉन क्रो माउंटनला २०१५ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. याच्यावर एक वेगळा कॉलम करायचा आहे, प्रश्न पाठवून ठेवा.

प्रश्न : पुढच्या वर्षी लेकीकडे अमेरिकेला जाणार आहोत, तिथून पोर्तो रिकोला जायचा विचार आहे. हा पक्षी बघायला मिळेल का?

मिळू शकतो काका, आणि त्यासाठी जंगल तुडवायची पण गरज नाही. सान हुआनला विमानाने उतरून गाडीने ला पार्गेराला जायचं, बेटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, साधारण दोन-अडीच तास. गावातल्या किनाऱ्यालगत, कुरणांच्या कडेच्या झाडांवर आणि तारांवर लक्ष ठेवा. सकाळी लवकर आणि संध्याकाळी, कारण तेव्हा ते खारफुटीतून ये-जा करतात आणि अशा वेळी काळे पक्षी पाण्यावरून सरळ रेषेत येताना दिसले की दुर्बीण लगेच खांद्यावर लावा, त्यांच्या खांद्यावर म्हणजे. शेपटी बघा, डोळा बघा, चांगो तिथे पण भरपूर आहेत.

एप्रिल ते ऑगस्टच्या आसपास विणीचा हंगाम असतो, पावसावर थोडा पुढेमागे होतो. त्या दिवसांत बोटवाल्याने खारफुटीच्या बेटाजवळ नेतो म्हटलं तरी नको म्हणा, घरट्यावरून आई उठली की तेवढ्यात काउबर्डला आयती संधी. मोबाइलवर आवाज वाजवून बोलवायचा प्रयत्न पण करू नका. मोनाला जायचं असेल तर आधी परवानगी काढावी लागते आणि बोटीचा प्रवास खवळलेल्या समुद्रातून आहे, तब्येतीचा विचार करून ठरवा. ला पार्गेरापासून ग्वानिकाचं कोरडं जंगल जवळच आहे, एक सकाळ तिकडे ठेवा, टोपी आणि पाणी जास्तीचं घ्या, सावली फारशी मिळत नाही.